शून्यात भरलेली रांगोळी

मी एका म्हाताऱ्या माणसाला भर सभेत गुडघ्यांवर बसवून 'चुकलं' म्हणायला लावलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून पश्चात्तापाची आशा धरणार नाही. त्या माणसानं मला माझ्याच घरात, माझ्याच विषयात खोटं ठरवलं होतं. मी त्याच्यावर दात ठेवून होते, आणि संधी येईल म्हणून वाट पाहत बसले नाही. ती संधी मी तयार केली.

राज्य नवं झालं आणि आमचं रायपूर बघता बघता राजधानी झालं. भोपाळहून साहेब लोक आले. शंकर नगरातल्या रिकाम्या बंगल्यांना भाडेकरू मिळाले, भाडी वाढली, पांढऱ्या गाड्या दिवे लावून फिरू लागल्या. आमच्या समता कॉलोनीतल्या किराणेवाल्यानं दुकानाच्या पाटीवर नावाखाली 'राजधानी' हा शब्द रंगवून घेतला. विदर्भातून येऊन इथे रुजलेली आमची मराठी मंडळीही हरखून गेली होती, कारण आता लग्नाच्या पोरींसाठी राजधानीची स्थळं येणार होती.

बाबा रेल्वेत हेडक्लार्क होते. मी गणितात एम.एस्सी. करून सकाळी एका खाजगी शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी घरी, पुढच्या खोलीत, बारावीच्या मुलांची शिकवणी घ्यायची. स्वयंपाक मला बेताचा यायचा, गाणं येत नव्हतं, दिसायला मी चारचौघींसारखी. गणित मात्र मला येत होतं. कॉलोनीत लोक आमच्या घराचा पत्ता सांगताना 'गणितवाल्या दीदीचं घर' असं सांगायचे आणि ते ऐकून मी मनातल्या मनात फुगायची. माझ्याजवळ मिरवायला तेवढंच होतं.

त्याच हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळातल्या एका मावशींनी स्थळ आणलं. मुलगा बँकेत, आणि मुलाचे वडील सरकारी खात्यात मोठे इंजिनियर, नुकतेच भोपाळहून बदलून आलेले, शंकर नगरात बंगला. आईनं त्या दिवशी सकाळपासून सांबारवडी करायला घेतली. इकडे आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, आणि आईच्या हातची सांबारवडी खाऊन नाही म्हणणारा पाहुणा अजून जन्मला नव्हता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दारात उभे राहून दहादा रस्ता पाहिला.

मंडळी आली. इंजिनियर साहेब सोफ्यावर मधोमध बसले, बायको एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला. मुलाला मराठी कळायची, पण तो बोलायचा हिंदीत, आणि तेही विचारलं तर. साहेबांनी माझा बायोडाटा वाचला आणि भुवया वर केल्या.

"गणितात एम.एस्सी.? अरे वा! मग एक प्रश्न विचारतो. रागावणार नाहीस ना, बेटा?"

मी काही बोलायच्या आत मावशीच म्हणाल्या, "हव हव, विचारा ना साहेब. पोट्टी हुशार आहे आमची."

इतर घरी मुलीला गाणं म्हणायला सांगतात, चालून दाखवायला सांगतात. मला गणित घातलं जात होतं आणि खरं सांगते, मला ते आवडलं. साहेबांनी माझाच बायोडाटा उलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहिला. वाय बरोबर एक्स, आणि वाय बरोबर एक्सचा घन. उणे एकपासून एकपर्यंत या दोहोंच्या मधलं क्षेत्रफळ काढ.

ज्यांनी गणित कधीचंच सोडून दिलं त्यांच्यासाठी हे साध्या शब्दांत सांगते. एक सरळ रेघ आहे, एक वळण घेत जाणारी. दोघींच्या मध्ये जी जागा अडकली ती मोजायची. रीत अशी की वरच्या रेघेतून खालची वजा करायची आणि जे उरतं त्याचं इंटिग्रेशन, म्हणजे बारीक पट्ट्या पाडून त्यांची बेरीज, करायचं. सोपं आहे, पण त्यात एक मेख असते. या दोन रेघा मध्येच, शून्यापाशी, एकमेकींना छेदतात. छेदल्या की वरची खाली जाते आणि खालची वर येते. म्हणून तिथे तुकडे करावे लागतात. डाव्या तुकड्याचं क्षेत्रफळ वेगळं काढायचं, उजव्याचं वेगळं, आणि मग बेरीज. तुकडे न करता एका दमात मोजलं तर एक बाजू उणे येते, दुसरी अधिक, आणि दोघी मिळून शून्य. म्हणजे ताटात दोन पोळ्या आहेत, पण एक उणे धरली म्हणून ताट रिकामं आहे, असं म्हणण्यातला प्रकार.

मी आधी चित्र काढलं. माझ्या विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगायची, आधी चित्र काढा. कागदावर दोन पानं उमटली, एका देठाला जोडलेली, एक उजवीकडे वर, एक डावीकडे खाली. प्रत्येकाचं क्षेत्रफळ पाव.

"अर्धा," मी म्हटलं. "अर्धा चौरस एकक."

साहेबांनी मुलाकडे पाहून स्मित केलं. मग माझ्याकडे पाहिलं. "शून्य, बेटा."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत.

"विषम फलन आहे. उणे एकपासून एकपर्यंत घेतलं की डावी बाजू उजवीला खाऊन टाकते. एवढं लांबलचक करायची गरजच नव्हती. आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं."

"ते इंटिग्रेशन शून्य येतं, काका. क्षेत्रफळ शून्य नाही येत. ही बघा ना, एवढी जागा आहे."

"इंटिग्रेशन म्हणजेच क्षेत्रफळ, बेटा." त्यांचा आवाज अजून गोडच होता. "मी आयुष्यभर कालवे मोजले आहेत."

"पण इथे छेदतात त्या, काका. इथे वरची रेघ खाली जाते."

त्यांच्या बायकोनं चहाचा कप जरा जोरातच बशीत ठेवला. मावशी खाकरल्या. साहेबांचा चेहरा बदलला. ते माझ्याशी बोलायचं सोडून बाबांकडे वळले. "तुम्हीच सांगा आता. आम्ही काय तिला उगाच खोटं सांगणार?"

बाबांनी तो कागद उचलला आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सांबारवडीच्या ताटलीकडे पाहिलं. मग साहेबांकडे. "साहेब एवढे मोठे इंजिनियर आहेत," ते म्हणाले, "त्याइचंच बरोबर असंन." आणि मग मला, "चुकलं म्हण, पोरी."

"बाबा, पण..."

"चुकलं म्हण म्हणतो ना मी तुले."

मी म्हटलं. मान खाली घालून म्हटलं, "चुकलं, काका." साहेबांनी मोठ्या मनानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मुलानं त्या दिवसातलं त्याचं एकमेव वाक्य तेव्हा उच्चारलं. आईकडे पाहून तो म्हणाला, "आंटी, ये बहुत अच्छा बना है." तो वडीबद्दल बोलत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी त्याच्या ताटलीत आणखी वड्या वाढत होते.

होकार आला नाहीच. मावशींकरवी निरोप आला की मुलगी बरी आहे, पण गणित कच्चं आहे आणि वर जीभ लांब आहे. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित गिळलं असतं. पण मावशींच्या पोटात काही राहत नसे आणि मंडळात तर एकाचं दहांपर्यंत जायला एक हळदीकुंकू पुरत असे. 'गणितवालीचं गणितच कच्चं' हे वाक्य लोकांना इतकं आवडलं की जो तो ते हसून दुसऱ्याला सांगू लागला. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातून शिकवणीला येणाऱ्या एका मुलीची आई माझ्या दारात येऊन म्हणाली, "दीदी, बुरा मत मानना, बोर्ड का साल है." आणि मुलीला घेऊन गेली. मग आणखी काही गेले. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंपर्यंतही ते पोचलं. पुढच्या सत्रात बारावीचा वर्ग माझ्याकडून काढून घेतला आणि मला सातवी-आठवी दिली. कारण काही दिलं नाही. मी विचारल्यावर बाई म्हणाल्या, "लहान मुलांशी तुमचं छान जमेल."

लग्न जमलं नाही याचं मला काडीचं दुःख नव्हतं. पण माझं गणित माझ्यापासून काढून घेतलं होतं आणि तेही अशा माणसानं, ज्याला ते येत नव्हतं. ते मला सहन होईना. आठवीच्या मुलांना त्रैराशिक शिकवताना मला मध्येच तो हात डोक्यावर जाणवायचा आणि खडू हातातच मोडायचा.

बाबांवर मी राग धरला नाही. ते बिचारे बी.ए. झालेले, त्यांना एक्सचा घन काय कळणार, असं मी स्वतःला समजावलं. समोर मोठा साहेब, शिवाय मुलीचा बाप, त्यांना जे खरं वाटलं ते ते बोलले. घरात त्या दिवसाचा विषय कुणी काढला नाही आणि मी तर मुळीच काढला नाही. माझा सगळाच्या सगळा राग मी साहेबांच्या नावावर ठेवला. मला एकच हवं होतं. जो शब्द मला म्हणायला लावला तो त्यांनी म्हणायचा. बाबांच्या समोर, मंडळाच्या समोर, मोठ्यानं.

पुढची काही वर्षं मी मंडळात इतक्या निष्ठेनं गेले की आईला वाटलं माझा स्वभाव सुधारला. मी सतरंज्या अंथरल्या, प्रसाद वाटला, लहान मुलांची नाटकं बसवली. माणसं मला 'किती समंजस झाली' म्हणू लागली. मी समंजस वगैरे काही झाले नव्हते. मी दबा धरून बसले होते.

साहेबांच्या मुलाचं लग्न भिलाईच्या एका मुलीशी झालं होतं. ती गाण्यात बी.ए. होती, स्वभावानं मोकळी. एकदा मंडळाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी मटार सोलत होतो, तेव्हा ती हसत हसत सांगू लागली. "आमच्या बाबांचा एक प्रश्न आहे ना, ते सगळ्यांना विचारतात. मला बघायला आले तेव्हा मलाही विचारला. मला तर काय लिहिलंय तेच कळलं नाही. मी नुसती हसले. तर म्हणे, मुलगी नम्र आहे."

"कुठला प्रश्न?" मी विचारलं. माझ्या हातातला मटार थांबला होता.

"काहीतरी दोन रेघांच्या मधलं. उत्तर शून्य येतं म्हणे. पाहुणे आले की अजून विचारतात. समोरचा चुकला की दिवसभर खूश असतात."

त्या क्षणी मला कळलं की माझं काम सोपं आहे. या माणसाजवळ एकच जादू होती आणि ती दाखवायचा त्याला सोस होता. त्याला फक्त एक स्टेज द्यायचं होतं.

आमच्या मंडळात दर जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. त्यात एक जुनी प्रथा आहे. स्टेजच्या समोर जमिनीवर मोठी रांगोळी फक्त रेघांनी काढून ठेवतात आणि प्रमुख पाहुण्यांनी त्यात पहिला रंग भरायचा. ते चिमूटभर टाकतात, टाळ्या होतात, मग उरलेली रांगोळी बायका मिळून पुरी करतात. त्या वर्षी रांगोळीचं काम मी मागून घेतलं. माईकही मीच मागून घेतला. आणि सभेत प्रमुख पाहुण्यांचं नाव सुचवायची वेळ आली तेव्हा मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "इंजिनियर काकांनाच बोलवू या ना. आता निवृत्त झाले आहेत, वेळही आहे त्यांना." सगळ्यांना ते फार आवडलं. साहेब निवृत्त झाल्यापासून त्यांना नमस्कार घालणारे कमी झाले होते, त्यामुळे ते आमंत्रणासाठी आसुसलेलेच होते. त्यांनी होकार कळवला तेव्हा मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

रविवारची दुपार होती. हॉल भरला होता. बाबा आणि आई पहिल्या रांगेत, त्यांच्या जागा मी स्वतः धरून ठेवल्या होत्या. साहेबांचा मुलगा आणि सून थोडे मागे. मावशी खांबाजवळच्या खुर्चीत. मी सकाळीच येऊन रांगोळी काढली होती. दोन सरळ अक्ष, एक तिरकी सरळ रेघ आणि तिला मध्ये छेदून जाणारी वळणाची रेघ. चांगली मोठी काढली होती, सतरंजीएवढी. बायका विचारत होत्या, "हे काय गं? पानं आहेत का?" मी म्हणत होते, "हो, पानंच आहेत." भगव्या रंगाच्या ताटल्या भरून बाजूला ठेवल्या होत्या.

साहेब आले. केस पिकले होते, चालताना गुडघ्याला हात जात होता. मला त्यांनी ओळखलं की नाही कोण जाणे. हार झाला, नारळ झाला. मग त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं आणि चेहरा खुलला.

"अरे! हा तर माझा आवडता प्रश्न!"

"हो काका," मी माईकवर म्हटलं. "तुमच्या मानासाठीच काढली ही रांगोळी. लोकांना सांगा ना, उणे एकपासून एकपर्यंत या दोन रेघांच्या मधलं क्षेत्रफळ किती?"

त्यांनी हॉलकडे पाहिलं, क्षणभर थांबले, जादूगार थांबतो तसे. "शून्य!" ते म्हणाले. "विषम फलन आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नव्हतं, पण मोठा माणूस आत्मविश्वासानं बोलला की आमच्याकडे टाळ्या होतातच.

"तर मग आता प्रथेप्रमाणे रंग भरायचा," मी म्हटलं आणि भगव्याची ताटली त्यांच्या हातात दिली. ते कसेबसे वाकले, चिमूटभर टाकून उठू लागले. "असं नाही काका. दरवर्षी चिमूटभर असतो, कारण रांगोळी मोठी असते. यंदा तर क्षेत्रफळच शून्य आहे. मग पूर्ण भरूनच टाका. रंग लागणार तरी किती?"

हॉल हसला. साहेबही हसले आणि दिलखुलासपणे गुडघ्यांवर बसले. उजव्या पानात रंग टाकायला लागले. हातानं पसरत गेले. ताटली संपली. मी लगेच दुसरी पुढे केली. "अजून थोडं आहे काका, देठापाशी." तीही संपत आली. आता लोक वेगळे हसू लागले होते. ज्यांना गणिताचा गंध नव्हता त्यांनाही एवढं दिसत होतं की जे शून्य म्हणून सांगितलं त्यात रंग काही मावेनासा झालाय. मावशी खांबापासून उठून पुढे आल्या. उजवं पान भरलं. "आता डावं, काका," मी म्हटलं आणि तिसरी ताटली ठेवली.

डाव्या पानाला त्यांनी हात घातला आणि ते थांबले. मग बोटानं ती सरळ रेघ चाचपत गेले, उजवीकडून डावीकडे. "इथे ही वर आहे," ते स्वतःशीच पुटपुटले. "आणि इथे... इथे खाली गेली." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तेव्हा मला खात्रीनं कळलं की त्यांनी मला ओळखलं आहे. "म्हणजे इकडचं उणे येतं."

"उणे येतं. म्हणून आधी तुकडे करायचे, मग बेरीज."

"पाव आणि पाव." त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता, अधिकार नव्हता. "अर्धा होतं."

"अर्धा."

"चुकलं," ते म्हणाले, अगदी हळू.

मी खाली वाकले आणि माईक त्यांच्या तोंडाजवळ धरला. "काका, मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"चुकलं माझं," ते माईकमध्ये म्हणाले. आणि मग मी मागितलंही नव्हतं ते त्यांनी आपणहून दिलं. "या मुलीनं मला हे पूर्वी सांगितलं होतं. तिच्या घरी. तेव्हा मी ऐकून घेतलं नाही. मला खरंच तसं वाटत होतं. तिचं गणित पक्कं आहे."

मला किती आनंद झाला ते मी लिहूच शकत नाही. मोठ्यानं हसावंसं वाटलं. त्यांना उठता येईना. मुलगा आणि सून धावत पुढे आले आणि दोन्हीकडून धरून त्यांना उभं केलं. पांढऱ्याशुभ्र धोतरावर गुडघ्यांपाशी भगवे डाग पडले होते. माझा एक हात माईकला होता आणि दुसरा रिकामा होता. तो मी पुढे केला नाही.

नंतर चहाच्या वेळी माझ्याभोवती गर्दी झाली. मावशी म्हणाल्या, "चांगलीच जिरवली वं बाई तू!" जणू काही वर्षांपूर्वी गावभर दवंडी त्यांनी पिटलीच नव्हती. ब्राह्मणपाऱ्याची ती आईही भेटली. तिची धाकटी आता बारावीत होती, शिकवणीला जागा आहे का म्हणत होती. मी सांगितलं, बॅच भरली. बॅच भरली नव्हती.

आईला मावशींनी गाडीतून सोडलं. बाबा माझ्या स्कूटरवर मागे बसले. ऊन उतरलं होतं, थंडी जाणवायला लागली होती, रस्त्यावर नव्या दुभाजकांना पिवळा-काळा रंग लावायचं काम चाललं होतं. मी हवेत होते. मला बाबांकडून ऐकायचं होतं. त्यांच्यासाठीच तर हा सगळा घाट घातला होता. त्यांनी त्या साहेबावर विश्वास ठेवला होता आणि आज त्यांच्या डोळ्यांदेखत साहेबांनी कबूल केलं होतं.

"पाहिलं ना, बाबा?" मी मान वळवून विचारलं. "शून्य म्हणून राहिले होते. आता पटलं का नाही तुमाले?"

बाबा मागे जरा सावरून बसले. मग म्हणाले, "मले त्या दिवशीच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ते शून्य नोतं म्हणून. तू ते दोन पानं काढले होते ना कागदावर. एवढी जागा दिसून राहिली होती मधात. मी का आंधळा होतो? गणित नसंन येत, पन दिसतं तर ना बाप्पा."

मी स्कूटर बाजूला घेतली आणि थांबवली. "मंग मले काहून चुकलं म्हणायले लावलं?"

"स्थळ चांगलं होतं," बाबा म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, भाजी ताजी होती म्हणावं तसं. "राजधानीचा साहेब. बंगला. त्याच्या तोंडावर तू चूक आहे म्हणालं असतं तर उठून गेला असता तो. एका शब्दानं तुहं काय जाणार होतं?"

मागून गाड्या हॉर्न देत होत्या. मला त्या म्हाताऱ्याचं तोंड दिसू लागलं, बोटानं रेघ चाचपत 'इथे खाली गेली' म्हणणारं. तो माणूस गर्विष्ठ होता, पण त्याला खरोखरच ते शून्य वाटत होतं. दिसल्याबरोबर तो म्हणाला, चुकलं. बाबांना तर तेव्हाच दिसलं होतं. कागद हातात धरून, डोळ्यांनी पाहून, मग त्यांनी मला मान खाली घालायला लावली होती. आणि इतकी वर्षं मी त्यांना भोळं समजून सोडून दिलं होतं.

"उतरा," मी म्हटलं.

ते उतरले. त्यांना वाटलं टायर पंक्चर झालंय. वाकून बघू लागले.

"टायर ठीक आहे. म्हणा."

"काय म्हणू?"

"जे मले म्हणायले लावलं ते. भर हॉलमंधी त्या साहेबानं म्हटलं. तुम्ही म्हणा. इथं कोणी नाही ऐकायले, मी एकलीच आहे."

बाबांनी मफलर नीट केला. रंग देणाऱ्या मजुरांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "घरी चाल," ते म्हणाले. "तुही माय वाट पाहून राहिली असंन."

आता बाबा खूप थकले आहेत. आई गेली. ते माझ्याकडेच असतात, माझ्याच हातचा चहा घेतात, औषधं मीच देते. शाळेत बारावी कधीच परत मिळाली आहे, शिकवणीला जागा पुरत नाही, आणि साहेब भेटले की रस्त्यात थांबून मला आधी नमस्कार करतात. घरी रोज सकाळी कप बाबांच्या हातात देताना मी जरा वेळ तशीच उभी राहते. मी कशासाठी थांबले आहे ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. ते फुंकर मारतात, चहा पितात, आणि साखर कमी आहे म्हणतात.